निळ्या मधाची वाळू

एका राज्यात देणाऱ्याचा हात कुणाला दिसत नसे आणि घेणाऱ्याची ओंजळही कुणाला दिसत नसे. तशी तिथली रीतच होती.

रीत कशी पडली, तेही सांगतो. फार मागे तिथे मोठा दुष्काळ आला होता. तेव्हाचा राजा स्वतः चुलाणापाशी बसून कण्या वाटत होता. रांगेत एक विधवा आली. कालपरवापर्यंत तिच्याच दारातून लोक जेवून जात. तिने वाडगा पुढे केला आणि मान जी खाली घातली, ती वर करेना. राजाला गलबलून आले. त्याने खांद्यावरचा शेला काढून तिच्या वाडग्यावर पांघरला आणि म्हणाला, "ने माये. किती दिलं ते मी पाहिलं नाही. किती घेतलंस ते कुणी पाहणार नाही."

तेव्हापासून त्या राज्यात जे द्यायचे ते वस्त्राखाली झाकून. दुसऱ्याचे वस्त्र जो उचली, त्याला लोक म्हणत, याने अमक्याला उघडे पाडले. त्याला मग कुणी पाणीसुद्धा देत नसे.

चांगल्या मनातून आलेली रीत होती. पण वस्त्राखाली अंधार असतो, आणि अंधार फार दिवस रिकामा राहत नाही. तिथे दडी येऊन राहिली. दडीला रूप नव्हते, आवाज नव्हता. जिथे झाकण, तिथे ती. वस्त्राखाली हात घालून कुणी काही काढले, की दडी तेवढीच वाळू आत भरून ठेवी. भांड्याचे वजन होते तेवढेच राही.

आता त्या राज्याच्या उत्तरेला डोंगर होते, आणि डोंगरात पाषाणवात शिरला होता. हा रोग पायाच्या बोटांपासून वर चढे. आधी बोटे दगडाची होत, मग पोटऱ्या, मग मांड्या. छातीवर चढला की श्वास तोकडा पडे, आणि डोळ्यांवर चढला की माणूस संपले. त्यावर औषध एकच, निळा मध. तो मिळे समुद्रापलीकडच्या बेटावर. बेटाचा राजा दयाळू होता. शेजाऱ्याची माणसे दगड होत आहेत हे ऐकून तो निळ्या मधाचे घडे गलबत भरभरून पाठवी आणि त्याचे काही मागत नसे. इकडची रीत त्याला ठाऊक होती, म्हणून प्रत्येक घड्यावर रेशमी वस्त्र बांधलेले असे.

घडे बंदरावर उतरत, चौक्या ओलांडत, खिंडीतून वर चढत आणि डोंगरातल्या घरोघर पोचत. घरधनीण घडा आत नेई, दार लावून घेई, वस्त्र सोडी. आत वाळू असे. ती कपाळावर हात मारून घेई. तिला वाटे, सगळ्यांच्या घरी मध आला, आपल्याच घरी वाळू. आपल्याच हातून काही पाप घडले असेल. ती घडा परत झाकून कोपऱ्यात ठेवी आणि कुणाजवळ बोलत नसे. पलीकडच्या घरातही असेच एक दार लागलेले असे.

त्या राज्याचा राजा होता धवलसेन, आणि राणी होती वैजयंती. त्यांना एक मुलगी होती. राजघराण्यातले मूल जाणते होईपर्यंत डोंगरातल्या दाईकडे वाढवावे, म्हणजे त्याला प्रजेचे सुखदुःख कळते, असा तिथला कुलाचार होता. म्हणून राजकन्या मंजिरी डोंगरातल्या शेवटच्या गावी भागी नावाच्या दाईकडे होती. आईने मध्ये भेटायला जायचे नाही, असेही ठरलेले होते. राणीने ते निमूट पाळले होते.

एके दिवशी डोंगरातून एक झाकलेले ताट आले. राणीने ते आत नेले, वस्त्र काढले. ताटात लहान पैंजण होते, तिनेच घडवून पाठवलेले. त्यांच्याबरोबर निरोप नव्हता. राणी ते हातात घेऊन बसली आणि बसल्या बसल्या तिला कळले. ज्या पायांचा दगड होतो, त्यांना पैंजण कशाला?

ती तशीच राजाकडे गेली.

"महाराज, मंजिरीला मध मिळत नाही."

"मिळतो," धवलसेन म्हणाला. "दर खेपेला घडे पोचल्याची पोच येते. एकही घडा वाटेत राहत नाही."

"घडे पोचतात. घड्यात काय पोचतं?"

राजाने दाराकडे पाहिले. मग हळू आवाजात म्हणाला, "घड्यात काय आहे हे राजाने कसं विचारायचं, राणी? मीच वस्त्र उचललं तर सगळं राज्य उघडं पडेल. बेटावरचे लोक हसतील."

"आपली मुलगी दगड होते आहे."

"मी यज्ञ मांडतो. कुणीतरी शाप दिला असला पाहिजे."

राणी बाहेर बागेत आली आणि एका पळसाखाली बसून रडू लागली. भर दुपार होती. पळसाच्या शेंड्यावर एक कोतवाल पक्षी बसला होता, काळा कुळकुळीत, दुभंगल्या शेपटीचा. त्या राज्यात कोतवाल पुष्कळ होते. काही न घेणारा हा एकच, आणि तो झाडावर राहत असे.

"राणीबाई," पक्षी म्हणाला, "रडायलासुद्धा सावली लागते का तुम्हाला?"

राणीने वर पाहिले. "तू बोलतोस?"

"रोज बोलतो. शेंड्यावर बसणाऱ्याचं कोण ऐकतं?"

"मग सांग, माझ्या मुलीचा मध कुठे जातो?"

"सांगून तुझा विश्वास बसायचा नाही. तू तीन झाकणं उघड. पहिलं परक्याचं, दुसरं आपल्या माणसाचं, तिसरं स्वतःचं. तिन्ही उघडलीस तर दडीला राहायला जागा उरणार नाही."

"स्वतःचं? मी काय झाकलंय?"

"ते तुला आज माहीत असतं, तर मी इतका लांबून बोललो नसतो." पक्ष्याने चोच फांदीवर घासली. "आणि एक ध्यानात ठेव. एकटीनं उघडू नकोस. चार माणसांदेखत उघड. एकटीदुकटीनं वस्त्र उचललंस, तर दडी तुला आपल्यातलीच समजेल."

राणीने रथ जोडायला सांगितला आणि ती बंदराकडे निघाली.

बंदराचा अधिपती शंखपाल मोठा गोडबोल्या होता. गलबत नुकतेच लागले होते, घडे उतरत होते. प्रत्येक घडा शंखपालापुढे येई. तो वस्त्राखाली हात घाली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटे आणि हात काढून घेई. याला 'हात लावणे' म्हणत. शुभ मानत. त्याच्या बाह्या बोटांपर्यंत लांब आणि फार सैल होत्या.

"महाराणींचे पाय बंदराला लागले," शंखपाल वाकून म्हणाला. "आमचं भाग्य."

"शंखपाल, हा घडा उघडा."

आजूबाजूला हमाल होते, खलाशी होते. बेटावरच्या गलबताचा म्हातारा तांडेलही उभा होता. सगळ्यांचे हात थांबले. शंखपालाचा चेहरा उतरला. तो जवळ आला आणि हलकेच म्हणाला, "इथे? एवढ्या माणसांत? महाराणी, मला सुना आहेत, नातवंडं आहेत. उद्या ती कुणाला तोंड दाखवतील? आपण आत चला. आत सगळं उघडतो."

राणी घुटमळली. पक्ष्याचे शब्द तिला आठवत होते. पण चार लोकांत एका म्हाताऱ्याची लाज काढायची, हे तिच्या हातून होईना. लहानपणापासून तिला तसे शिकवलेच नव्हते. ती आत गेली. शंखपालाने दार लावले. राणीने घड्यावरचे वस्त्र उचलले.

वर हातभर वाळू होती आणि वाळूखाली मध.

तत्क्षणी तिच्या उजव्या हाताची बोटे जड झाली. पाहते तो बोटे करड्या दगडाची झाली होती, नखांसकट.

"अरेरे," शंखपाल म्हणाला, आणि त्याला खरेच वाईट वाटले असावे. "बसा, बसा. महाराणी, मी वाईट माणूस नाही. मी थोडंच घेतो. मी घेतलं नाही, तर माझ्या जागी जो येईल तो दुप्पट घेईल. आणि पाषाणवात उद्या खाली उतरला, तर माझ्या नातवंडांना कोण देणार?" मग त्याने आतल्या दालनाचा पडदा सारला. तिथे एक घडा होता, काठोकाठ निळा. "याला वाळूचा कण लागलेला नाही. राजकन्येसाठी न्या. कुणाला कळणार नाही."

राणीने त्या घड्याकडे पाहिले. तिला मंजिरीचे पाय आठवले, अगदी तान्हेपणीचे, मुठीत मावणारे. तिने काही विचारले नाही. अंगावरची शाल काढली, घडा झाकला, आणि रथात ठेवून निघाली.

पक्षी रथाच्या जुवावर येऊन बसला.

"काय नेतेस?"

"काही नाही."

"मग त्या घड्यावर शाल का पांघरलीस? त्याला थंडी वाजते का?"

राणीने शाल आणखी घट्ट ओढली. पक्षी जुवावरून उठला नाही. घाटाच्या पायथ्याशी तिला राहवले नाही. तिने शालीचे टोक वर केले. घडा वाळूने भरला होता, गळ्यापर्यंत.

"याला तर कुणाचा हात लागला नाही!" राणी ओरडली. "मी डोळ्याआड केला नाही!"

"हात आधीच लागलेला होता," पक्षी म्हणाला. "चोरीचाच मध होता तो, आणि तूही तो झाकलास. आता इथं बसून रडणार, की वर जाणार?"

राणीने डाव्या हाताने डोळे पुसले. घडा टाकून द्यावा असे तिच्या मनात आले, पण टाकला नाही. तो शालीखाली तसाच ठेवून ती घाट चढू लागली.

वर खिंड होती, तिथल्या चौकीमागे पडदा लावलेली एक गुहा होती, आणि खिंडीचा नायक होता चंद्रकेतू, राणीचा धाकटा भाऊ. आई लहानपणीच गेली, तेव्हा वैजयंतीनेच त्याला वाढवले होते. तिला पाहताच तो धावत आला.

"आक्का! तू इथे? निरोप तरी पाठवायचास. किती वाळलीस!"

"केतू," राणी म्हणाली, "तुझ्या मागच्या गुहेचं दार उघड."

त्याचे हसू मावळले. खिंडीत हमालांची रांग लागली होती. घड्यांची कावड खांद्यावर घेऊन ते चढण चढून आले होते आणि धापा टाकत उभे होते.

"आत चल," तो म्हणाला. "दूध घे, दमली आहेस. माणसं बघतात."

"बघू देत. बंदरावर मी अशीच दाराआड गेले होते." तिने उजवा हात वर केला. दगडाची बोटे सगळ्यांनी पाहिली. "आता इथंच उभी राहीन. उघड."

"आक्का, तू मला उघडं पाडतेस? तू?"

त्या एका 'तू'ने राणीचे काळीज चिरले. तरी ती हलली नाही. हमालांतला एक पिकल्या मिशांचा माणूस कावड खाली ठेवत म्हणाला, "सरकार, उघडा की. आमच्या खांद्यांना बी एकदा कळू द्या, काय वाहिलं ते." दुसरा कुणीतरी हसला. हसू लगेच विरले, कारण चंद्रकेतू गुहेकडे वळला होता. त्याने दाराला लावलेला पडदा ओढला.

गुहेत ऊन शिरले. आत सगळे निळे होते. खेपेखेपेला काढून ठेवलेला मध तळापासून छतापर्यंत साठला होता आणि साठून साठून गोठला होता. हमालाने पहार मारून पाहिली. ठिणगी उडाली, टवका निघाला नाही. ज्याने डोंगरातली माणसे उभी राहिली असती, तो मध स्वतःच दगड झाला होता.

"इतका?" राणी म्हणाली. "कशासाठी, केतू?"

"आधी थोडाच काढत होतो," चंद्रकेतू म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. "तुझ्यासाठी. रोज सकाळी तुझ्या दुधाबरोबर झाकलेली वाटी येते ना, ती मीच पाठवतो. तुला काही होऊ नये म्हणून. आई गेली तशी तू जाऊ नयेस म्हणून. मग हाताला सवय लागली."

राणीला ती वाटी आठवली. रोज सकाळी चांदीची वाटी येई, वर रुमाल. रुमालाखालचे गोड ती दुधात घाली. कुठून येते हे तिने कधी विचारले नव्हते.

"तू मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस, आक्का. झाकून दिलेल्याचं सांगायचं तरी कसं?"

राणीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवताना तिला कळले, की बोटे मऊ झाली आहेत. चार माणसांदेखत उघडले होते, म्हणून दगड सुटला होता. पण बोटांकडे पाहायला तिला वेळ नव्हता. तिने हमालांना म्हटले, "तुम्ही इथंच थांबा. गुहेवर पडदा ओढू देऊ नका." आणि भावाला म्हणाली, "तू चल माझ्याबरोबर." तो मुकाट निघाला.

शेवटच्या गावात पोचेपर्यंत दुसऱ्या दिवशीचे ऊन डोक्यावर आले होते. भागीचे घर गावकुसाला लागून होते. भागी दारातच उभी राहिली, कारण तिचे गुडघे वाकत नव्हते. राणीला पाहून तिने पदर तोंडावर ओढला.

आत मंजिरीला भिंतीशी टेकवून ठेवले होते. गळ्यापर्यंत ती दगडाची झाली होती. तिच्या गळ्याशी कुणीतरी मऊ चिंधी गुंडाळली होती, दगडाची कड कातडीला टोचू नये म्हणून. मुलगी एकेक शब्द सुटा करून बोलत होती.

"तुम्ही राणी?"

"मी तुझी आई, बाळ."

मुलीने त्यावर थोडा विचार केला. "मग भागीला रागावू नका. तिचा घडा वाईट निघाला. कुणाला सांगू नको म्हणाली."

दारातून हुंदका आला. "माझंच काय तरी चुकलं आसंल, राणीसाहेब," भागी म्हणाली. "समद्यांच्या घरी मध आला. माझ्याच घरी माती. राजाची लेक माझ्या पदरात, आन् माझंच नशीब असं. कोणत्या तोंडानं सांगू? म्हून नुसतं पैंजण धाडलं."

"भागी, शेजारणीच्या घरी मध आला?"

"आला की."

"तू पाहिलास?"

भागीने नकाराची मान हलवली. "झाकलेलं कसं बघावं, बाई?"

तेव्हा राणीला सगळे दिसले, खिंडीपासून गावापर्यंत, एकेका लागलेल्या दारासकट. आणि हेही दिसले, की आपल्या रथात आत्ता एक घडा शालीखाली आहे, आणि तो इथे कुणाला दाखवू नये असे आपल्यालाही अजून वाटते आहे.

मंजिरीचा श्वास लागला. दगड चिंधीखाली सरकला होता.

राणी उठली. तिने घडा स्वतः उचलला आणि गावाच्या मधोमध पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवला. चंद्रकेतूने गावात हाक फिरवली. ज्यांना चालता येत होते ते चालत आले. ज्यांना येत नव्हते त्यांना घरच्यांनी बाजांवर घालून आणले. भागीने मंजिरीला पाठीशी बांधून आणले. तिची स्वतःची पावले उचलत नव्हती, ती फरफटत आली.

राणीने शाल काढली. पाराजवळच्या सगळ्यांनी घड्यात पाहिले.

"ही वाळू आहे," राणी म्हणाली. "बंदरावर हिच्या जागी मध होता. तुमचा मध. मी तो लपवून माझ्या मुलीसाठी घेतला आणि शालीखाली घालून आणला. आणि त्याआधी, रोज सकाळी, माझ्या दुधात जे गोड असायचं तेही तुमच्याच मधाचं होतं. मी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून मला ठाऊक नव्हतं, असं मी म्हणू शकेन. पण विचारायचं नाही, हे मला सोयीचं होतं. ते मी खाल्लं. तुमचे पाय त्यात गेले."

एक म्हातारी बाजेवर कमरेपर्यंत दगडाची होऊन पडली होती. ती म्हणाली, "माज्या बी घरी वाळूच हाय."

"काय म्हणता, आत्या?" भागीने विचारले.

"वाळूच हाय म्हणते. पैल्या खेपंपास्नं. माजा धनी गेला त्याच्यापायी, तरी बोलले न्हाई."

मग कुणाच्या तोंडून काय निघाले ते सांगता यायचे नाही, कारण सगळे एकदमच बोलू लागले. माझ्याही. आमच्याही. तुझ्या घरी कधीपासून? एक जण संतापाने ओरडत होता, एक जण शेजाऱ्याच्या गळ्यात पडून रडत होता. इतकी वर्षे ज्याच्यापासून लपवले, त्याच्याही कोपऱ्यात तोच घडा होता. लोक घरांकडे धावले, खुरडत गेले, लेकरांना धाडले. घडे बाहेर आले. वस्त्रे सुटली. भागीचा घडा चंद्रकेतूने आणून दिला आणि तिने तो राणीच्या घड्याशेजारी उपडा केला. पाराभोवती वाळूचा ढीग झाला, आणि त्यावर भर दुपारचे ऊन पडले.

त्या वेळी गावावरून एक थंड झुळूक गेली. कुणीतरी घाईघाईने उठून निघून जावे तशी. ती घरांतून निघाली, ढिगातून निघाली, घाट उतरून गेली. दडी गेली. तिला बसायला अंधार उरला नव्हता.

वाळू ओली दिसू लागली. मग निळी झाली. मग पाराच्या दगडांवरून हळूहळू ओघळू लागली.

राणीने ओंजळ पुढे केली आणि मंजिरीच्या ओठांशी नेली. मुलीने चाटले, तोंड वाकडे केले, पुन्हा चाटले. चिंधीखालून टक असा बारीक आवाज आला. छाती वर झाली, खाली झाली. भागी तिला पाठीवरून सोडवत असताना तिचा एक पाय हलला आणि भागीच्या कमरेला लागला.

"लाथ मारली गं मला!" भागी म्हणाली आणि हसत हसत तिथेच बसली. बसल्यावर तिच्या ध्यानात आले, की आपले गुडघे वाकले.

खिंडीतही त्याच वेळी गोठलेल्या मधाला पाझर फुटला, आणि हमालांनी तो उघड्या घड्यांत धरून गावोगाव पोचवला. जी माणसे डोळ्यांपर्यंत दगड झाली होती ती मात्र परत आली नाहीत. गावांनी त्यांना होती तिथेच उभी ठेवली, आणि त्यांच्यावर काही पांघरले नाही.

राजा धवलसेन यज्ञ अर्धा टाकून आला. राणीने सगळे त्याला लोकांदेखत सांगितले, स्वतःचे आधी, मग भावाचे, मग शंखपालाचे. राजा पारावर चढून म्हणाला, "मी पोच मोजली, मध पाहिला नाही. हा माझा अपराध आहे." त्याने आज्ञा दिली, की यापुढे प्रजेसाठी आलेली कोणतीही वस्तू झाकून जाणार नाही. घडा जिथून निघेल तिथे लोकांसमोर निघेल, आणि जिथे पोचेल तिथे लोकांसमोर उघडेल. कुणीही वाटेत उभे राहून आत पाहावे, आणि पाहणाऱ्याला कुणी दटावू नये. शंखपालाचे अधिपतिपद गेले. त्याच्या दालनातले सगळे त्याच्या दारात मांडून, ज्यांचे होते त्यांच्याकडे पाठवले. चंद्रकेतूने बहिणीकडे पाहून काही मागितले नाही. राजाने त्याला हमालांत घातले. तो घडे वाहू लागला, उघडे, त्याच खिंडीतून.

बेटाच्या राजालाही निरोप गेला, की वस्त्रे बांधू नका, आणि घड्यांबरोबर आपले माणूस शेवटच्या गावापर्यंत पाठवा, त्याने डोळ्यांनी पाहून जावे. पुढच्या गलबताबरोबर तो म्हातारा तांडेलच आला. गावात बसून ताक पिताना तो राणीला म्हणाला, "विचारावं असं आम्हालाही पुष्कळदा वाटे, बाई. पण दिल्यावर विचारलं, तर तुम्हाला राग येईल असं वाटायचं."

"यायला हवा होता," राणी म्हणाली. "मग भांडण झालं असतं, आणि कळलं तरी असतं."

मंजिरी धावू लागली तेव्हा तिला राजवाड्यात न्यायचे ठरले. रथ पाराशी आला. सगळा गाव जमला होता. राणीने हात पुढे केला.

मुलगी हलली नाही. तिने भागीकडे पाहिले, मग राणीकडे. "खरं सांगू?" तिने विचारले.

"खरंच सांग."

"मला भागीपाशी राहायचंय. तुम्ही चांगल्या आहात. पण मला इथंच राहायचंय."

भागी घाबरून पुढे झाली. "अगं येडे, असं चार लोकांत बोलत्यात का!"

राणीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. तिचा हात सवयीने पदराकडे गेला. सगळा गाव पाहत होता, हमाल पाहत होते, राजा पाहत होता. पदर तोंडाशी येता येता ती थांबली. तिने तो परत खांद्यावर टाकला आणि तशीच उभी राहून रडली, सगळ्यांना दिसेल अशी.

"राहा," ती म्हणाली. "मी येत जाईन. मध्ये कुणी अडवणार नाही आता."

आणि ती येत गेली. त्या राज्यात पुढे पाऊसपाणी झाले, माणसे आपल्या पायांवर राहिली. जसे त्यांचे उजेडात आले, तसे तुमचेआमचेही येवो.